एकटीचं बिऱ्हाड

मोना पोवार पहिल्यांदा बैठकीला आली त्या रविवारी प्रभाक्काच्या हातातला चहा गार झाला, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

एरवी असं व्हायचं नाही. कसबा बावड्यातल्या तरुण मंडळाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा अपंगांच्या मंडळाची बैठक भरायची. तिथं पहिला कप प्रभाक्काला, पंख्याखालची खुर्ची प्रभाक्काला, आणि प्रभाक्कानं घसा खाकरल्याशिवाय बैठक सुरू व्हायची नाही. गेली कित्येक वर्षं हा रिवाज चालत आला होता आणि त्यात काही गैर आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, प्रभाक्काला तर मुळीच नाही.

प्रभावती चौगुले हे तिचं पाळण्यातलं नाव. जन्म हातकणंगल्याकडच्या एका खेड्यात, जैन शेतकऱ्याच्या घरात. पाऊल टाकायला लागली न लागली तोच पोलिओनं दोन्ही पाय नेले. बापानं तिला खांद्यावरून शाळेत पोचवलं, आईनं शिवण शिकवलं. पायानं मशीन मारता येत नाही म्हणून धाकट्या भावानं, सम्मेदनं, मशीनला मोटर बसवून दिली. पुढं सम्मेदनं बावड्यात खतांचं दुकान टाकलं, घर बांधलं, लग्न केलं, आणि आई-बापांच्या मागं अक्काला आपल्याकडं आणलं. आता तिनं पन्नाशी ओलांडली होती. पायात आधाराचे लोखंडी कॅलिपर, काखेत कुबड्या, आणि दारात मागं जादा चाकं लावलेली स्कूटर. त्या स्कूटरवरून तिनं सगळा बावडा पालथा घातला होता.

आणि नाव कमावलं होतं. रेशन दुकानाच्या पायऱ्यांशेजारी उतार झाला तो तिच्यामुळं. दुकानदार ऐकेना तेव्हा तिनं दुकानाच्या दारातच स्कूटर आडवी लावली आणि म्हणाली, "मला आत जाता येत न्हाई, मग आज कुणीच जायचं न्हाई." दुपारपर्यंत गवंडी आला. कुणाला दाखला मिळेना, कुणाची पेन्शन अडली, पोरगी बघायला जाताना पोराचा अधू हात लपवावा का, अशा हरएक गोष्टीला बावड्यात एकच उत्तर होतं, "प्रभाक्काला विचारा."

अशात मोना आली.

तिला घेऊन आला उदयसिंह. तो जन्मांध होता, बँकेत टेलिफोनवर कामाला होता आणि मंडळाचा सेक्रेटरी होता. मोनाच्या व्हीलचेअरच्या पाठीला हात लावून तो आत आला तेव्हा कोण कुणाला आणतंय ते कळत नव्हतं. मोना तिशीची. गाव बिद्रीजवळ. कॉलेजात असताना उसाच्या भरल्या ट्रॉलीवरून पडली आणि कमरेखालचं अंग गेलं. पुढची काही वर्षं घराच्या पुढच्या सोप्यात, पलंगावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या "अरेरे" ऐकत काढली. मग कुणीतरी पुण्याकडच्या एका केंद्रात नेलं, तिथं ती खुर्ची चालवायला शिकली, खुर्चीतून पलंगावर नि पलंगावरून खुर्चीत यायला शिकली. आता एका कंपनीसाठी ती फोनवरून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची. ते काम घरबसल्याचं होतं.

"पण घरबसल्या म्हंजे गावात न्हवं," मोना बैठकीत म्हणाली. "मला इथं खोली करून एकटीनं र्‍हायचंय. मदत लागणार. ती मी मागणार. पण कवा लागणार आन् कशी लागणार, ते मी सांगणार."

मग उदयसिंहानं टाळी वाजवली आणि मागोमाग सगळ्यांनी. बैठक संपल्यावर जो तो मोनाचा नंबर घेत होता. प्रभाक्का कुबड्या सावरत उठली तेव्हा तिच्या घशात काहीतरी बसलं होतं. मिरची कांडपाच्या गिरणीपुढून गेल्यावर बसतं तसं. वीस वर्षं आपण ह्या लोकांना सांगत आलो, की मिळेल ते घ्या, घरच्यांशी जुळवून घ्या. तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"पोरगी धीट हाय," उदयसिंह तिला म्हणाला.

"हाय की," प्रभाक्का म्हणाली. "बोलायला काय जातंय?"

खोली मिळाली धोंडुबाईंची. धोंडुबाई म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारी म्हातारी. नवऱ्यामागं दोन म्हशी आणि चार भाड्याच्या खोल्या तिनं एकटीनं सांभाळल्या होत्या. मंडळाच्या लोकांनी लगीन असल्यासारखी धावपळ केली. केरबा सुतारानं ओट्याचे पाय कापून तो खुर्चीच्या उंचीला आणला. गवंड्यानं न्हाणीचा उंबरा फोडला, भिंतीला धरायला पाइप बसवले. प्रभाक्काही गेली. तिला कुणीतरी खुर्ची दिली आणि ती बसल्या बसल्या सांगू लागली, खिळा तिथं नको, दिवा इकडं पाहिजे. केरबा "व्हय अक्का" म्हणायचा आणि मोनाकडं बघायचा. मोनानं मान हलवली की मगच हातोडा पडायचा.

सामान लागल्यावर मोनानं तिला सगळं बिऱ्हाड फिरून दाखवलं. एक पातेलं, दोन ताटं, दाराला खाली ओढायची दोरी. सकाळी तासभर बाळाबाई नावाची बाई कामाला येणार होती. तिची वेळ मोनानं ठरवली होती, "आधी न्हवं, मी उशिरा उठतो," असं सांगून. मोना कोल्हापूरकडच्या पोरींसारखी स्वतःबद्दल उठतो, जातो, येतो असंच बोलायची. पलंगावरचं पांघरूण दुपार झाली तरी तसंच पडलं होतं. प्रभाक्काला तेच आधी सललं. तिच्या भावाच्या घरात तिचं अंथरूण उजाडायच्या आत कुणीतरी घडी करून टाकलेलं असे.

मग न्हाणी. दार बाहेर उघडणारं, आत प्लास्टिकची खुर्ची, आणि दाराला आतून, बसल्या हाताला येईल अशी, नवी चकचकीत कडी.

"आतनं कडी लावतीस?" प्रभाक्कानं विचारलं.

"लावतो की."

"आन् पडलीस म्हंजे?"

"पडलो तर पडलो. फोन असतोय आत. आन् कडी न्हाई लावली म्हणून माणूस पडायचं र्‍हातंय व्हय, अक्का?"

मोना हसत बोलली आणि पुढं गेली. प्रभाक्का मात्र त्या कडीशी अडकली. तिनं बोटानं ती सरकवून बघितली. सहज सरकली.

झालं होतं असं. चौदा वर्षांची असताना गावाकडच्या न्हाणीत प्रभा घसरली. डोकं दगडावर आपटलं, आणि दार आतून बंद. बापानं पहारीनं दार फोडलं तेव्हा ती रक्तात पडलेली. चार टाके पडले आणि ती बरी झाली. पण बापानं त्या दिवशी न्हाणीची कडी उपटून घरामागच्या परड्यात फेकली, आणि त्यानंतर प्रभानं कधी बंद दाराआड आंघोळ केली नाही. बावड्यात घर बांधताना सम्मेदनं स्वतः सुताराला सांगितलं होतं, "न्हाणीला कडी नगं. अक्का असतीय." काळजीनं सांगितलं होतं. म्हणून प्रभाक्काला त्यावर कधी काही बोलता आलं नाही. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की तिची पाळी. दार नुसतं लोटलेलं. आत कुणी आहे हे पुरुषमाणसांना कळावं म्हणून ती अंगावर पाणी घेताना मोठ्यानं णमोकार मंत्र म्हणायची. शेजारणी म्हणायच्या, "प्रभाक्का किती धार्मिक!" आणि बाहेर भावजय, त्रिशला, भाकरी टाकता टाकता दोनदा तरी विचारायची, "अक्का, झालं का? बऱ्या हाईसा न्हवं?"

त्या रात्री सम्मेदनं विचारलं, "कशी हाय पोरीची खोली?"

"खोली कसली, खुराडं हाय," प्रभाक्का म्हणाली आणि ताटावरून लवकर उठली.

त्यानंतरचे दिवस तिला वाईट गेले. स्कूटरवरून जाताना ती मुद्दाम त्या गल्लीनं जायची. मोनाच्या दारात दोन-चार चपला दिसल्या की जीव जळायचा, आणि चपला नसल्या, दार लावलेलं असलं, की त्याहून जळायचा. लोक तिच्याकडं येऊन मोनाचं कौतुक सांगायचे. मोनानं गॅसवाल्याला कसं सुनावलं. मोना स्वतः भाजी आणायला गेली. एका पोलिओच्या पोरीच्या आईनं तर सरळ म्हटलं, "प्रभाक्का, आमच्या पोरीला मोनाताईंशी जरा बोलू दे म्हणतोय." प्रभाक्का म्हणाली, "बोलू दे की, मी काय धरून ठेवलंय?" आणि ब्लाऊजची बाही उलटी जोडून बसली. पुन्हा उसवावी लागली.

तिला मोनाचं तोंड आवडत नव्हतं असं नाही, मोनाचं बोलणंही आवडायचं. तिला फक्त हे सोसवत नव्हतं, की जे आपल्याला मागायचंही सुचलं नाही ते ह्या पोरीनं येऊन दोन दिवसांत मांडून बसावं, आणि आकाश कोसळू नये.

एक दिवस धोंडुबाई ब्लाऊजचं माप द्यायला आली. टेपखाली हात वर करून उभी राहिली आणि म्हणाली, "प्रभाक्का, एक विचारू का? तुम्ही ह्यातल्या जाणत्या. ही मोना एकटी र्‍हातीय. मला झोप न्हाई बघा. काय बरं-वाईट झालं तर लोक मलाच धरतील की."

प्रभाक्कानं टेप गुंडाळला. खोटं तिनं एक अक्षर सांगितलं नाही. न्हाणीत पडलेली चौदा वर्षांची प्रभा सांगितली, पहार सांगितली, रक्त सांगितलं. कमरेखाली जाणीव नसलेल्या माणसाला जखम झाली तरी कळत नाही, हे सांगितलं. शेवटी म्हणाली, "पोरगी गुणाची हाय हो मावशी. पण मी एवढी जुनी, मला अजून घरचे एकटं सोडत न्हाईत. का सोडत न्हाईत, त्याला काय कारण असंलच की."

धोंडुबाई "व्हय, व्हय" करत गेली. प्रभाक्कानं दुपारपर्यंत खुशीत मशीन चालवलं. संध्याकाळी मात्र स्कूटर त्या गल्लीनं नेली नाही.

चौथ्या दिवशी उदयसिंह दारात उभा. हातातली पांढरी काठी त्यानं भिंतीला टेकवली आणि बसायच्या आतच सांगितलं, "अक्का, घोटाळा झालाय. धोंडुबाईनं मोनाला खोली सोडायला सांगितलंय. न्हाईतर आईला आणून ठीव म्हणतीय. मोनाचे वडील टेम्पो घेऊन आलेत न्यायला. तुम्ही चला. म्हातारी तुमच्याबिगर कुणाचं ऐकायची न्हाई."

"मी कशाला? तुम्ही हाईसा की सगळे." तिनं मशीनवरचा दोरा उगाच तोडला.

"आम्ही बोललो. ती म्हणतीय, जाणत्या माणसाला विचारलंय मी. कोण जाणतं भेटलंय तिला, देव जाणे."

उदयसिंहाला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि प्रभाक्काला त्याचं पहिल्यांदाच बरं वाटलं. नाही म्हणावं असं कारण काही सापडेना. ती गेली.

मोनाच्या खोलीत मोनाचे वडील सयाजी टॉवेल खांद्यावर टाकून जमिनीवर बसले होते. उन्हानं रापलेला शेतकरी माणूस. बाहेर टेम्पो उभा. धोंडुबाई दाराशी. मोना खुर्चीत ताठ, ओठ घट्ट. प्रभाक्काला बघून तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला, आणि तोच प्रभाक्काला सहन झाला नाही.

"अक्का, तुम्ही समजवा यांना," मोना म्हणाली.

प्रभाक्का खाकरली. शब्द जुळवू लागली. तेवढ्यात धोंडुबाईच गडबडून म्हणाली, "अवो पण प्रभाक्का, आता तुम्ही तिच्या बाजूनं बोलाय आलाय व्हय? तुम्हीच तर मला म्हणाला, धोका हाय म्हणून!"

उदयसिंहाची मान आवाजाच्या रोखानं वळली. सयाजी टॉवेलानं तोंड पुसू लागले. मोना प्रभाक्काकडं बघत म्हणाली, "आप्पा, मावशी, उदयदादा, जरा बाहेर थांबा. चहा प्या जावा टपरीवर. अक्का, तुम्ही र्‍हावा."

सगळे बाहेर गेले.

"का?" मोनानं विचारलं. एवढंच.

प्रभाक्काला खूप सांगता आलं असतं. काळजी, अनुभव, वय. ते सगळं जिभेपर्यंत आलं आणि तिचं तिलाच ते शिळं वाटलं. ती म्हणाली, "तुझ्या न्हाणीला कडी हाय."

"मग?"

"माझ्या न्हाई. चौदा वर्षांची असल्यापास्नं न्हाई."

मोनाला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तिचा आवाज मऊ झाला नाही, उलट चढला. "म्हणून माझी काढायची? तुम्हाला न्हाई म्हणून मी बी परत सोप्यात जाऊन पडायचं? अक्का, सात वर्षं मी वासे बघितल्यात घरातलं! कुठल्या वाशाला किती गाठी हाईत ते सांगतो मी तुम्हाला!"

प्रभाक्कानं मान खाली घातली. मोनानं खुर्ची गर्रकन फिरवली, न्हाणीचं दार ओढून उघडलं आणि म्हणाली, "जावा. जावा आत. लावा कडी."

"आता?"

"आता. पाणी तापलेलं हाय. घ्या आंघोळ करून, न्हाईतर नुसत्या बसा. पण कडी लावा."

प्रभाक्का का उठली ते तिला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही. कुबड्या टेकत ती आत गेली, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, दार ओढलं आणि कडी सरकवली. खट् झालं. ती घाबरली. डोक्यावरची जुनी खूण आपोआप हाताला लागली. काहीच झालं नाही. नळाचा एक थेंब पडला. मग दुसरा. तिनं कॅलिपरचे पट्टे सोडले, पदर काढून कमरेला खोचला आणि तोंडावर, मानेवर, दंडांवर गरम पाणी घेतलं. मंत्र म्हणायचा नव्हता. कुणाला काही कळवायचं नव्हतं. तिला रडू आलं आणि ते कुणी बघत नाही हे ध्यानात आल्यावर ती जोरात रडली.

बाहेर लोक परत आले होते. धोंडुबाईचा आवाज आला, "प्रभाक्का कुठं गेल्या?"

"आत हाईत," मोना म्हणाली.

"आत? कडी लावून? अगं बया! पडल्या-बिडल्या म्हंजे? प्रभाक्का! अवो, उघडा की दार!" आणि दारावर थाप पडली.

"पडले तर हाक मारीन!" प्रभाक्का आतून ओरडली. तिच्या स्वतःच्या कानाला तो आवाज अनोळखी लागला. पण एकदा तोंड उघडल्यावर ती थांबली नाही. बाहेर बसून, पंख्याखालच्या खुर्चीवरून, जे तिला वीस वर्षांत बोलता आलं नव्हतं ते ती बंद दाराआडून बोलत सुटली.

"धोंडुमावशी, ऐका. मी तुम्हाला सांगितलं त्यात खोटं काय न्हवतं, पण ते अर्धं होतं. मी पडले, डोकं फुटलं, खरं. चार टाक्यांत ते बरं झालं. पण त्या दिवसापास्नं माझं दार उघडं र्‍हायलं, ते काय अजून बरं झालेलं न्हाई. कोण येतंय, कोण जातंय ह्याच्यावर कान ठेवून अंगावर पाणी घेतलंय मी जन्मभर. पावणं, सयाजीराव, ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय," सयाजींचा आवाज आला.

"तुम्ही पोरीला घरला न्ह्याल, दूध-तूप घालाल. मलाबी घालत्यात. माझा भाऊ देवमाणूस हाय. पण सकाळी मला भूक कवा लागती, हे त्यानं मला कधी विचारलं न्हाई, आन् मीबी सांगितलं न्हाई. आता तर माझं मलाच कळत न्हाई. एवढी काळजी केलीया माझी. पोरीला न्यायचं तर न्या. पण विचारून न्या."

मग प्रभाक्का थोडी थांबून म्हणाली, "आन् मावशी, मी तुम्हाला ते सांगितलं ते काळजीनं न्हवं. जळून सांगितलं. ह्या पोरीवर."

बाहेर सयाजींचा खाकरा, आणि मग, बहुधा त्या बापलेकीत पहिल्यांदाच, प्रश्न असा आला, "मोना, येतीस का घरला?"

"न्हाई आप्पा."

"बरं."

"बरं काय बरं!" धोंडुबाई कावली. "आधी त्या बाईला बाहेर तर काढा!"

"येते की मावशी," प्रभाक्का आतून म्हणाली. "घाई काय हाय?"

धोंडुबाईनं शेवटी मानलं, पण फुकट नाही. मोनाच्या पलंगापासून तिच्या सोप्यापर्यंत घंटी बसवायची अट घातली. मोनानं घंटी घेतली, पण "मी वाजवली तरच यायचं, उगच डोकवायचं न्हाई," ही आपली अट वर ठेवली. सयाजी टेम्पो परत पाठवून चार दिवस राहिले. पोरगी चहा करून देते ह्याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं, की ते दिवसभर चहाच मागत होते म्हणे.

आता आपल्या घरी बोलायचं प्रभाक्काला आलं. ते जास्त अवघड होतं. "न्हाणीला आतनं कडी लावून घेऊ या," असं तिनं सम्मेदला म्हटलं, तर त्याचं तोंड उतरलं.

"अक्का, आमचं काय चुकलं का?"

"काय चुकलं न्हाई."

"मग? वडलांनी काढलेली कडी मी लावू? उद्या काय झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

तो खरंच दुखावला होता. प्रभाक्का त्याच्या दुखण्यापुढं आयुष्यभर गप्प बसत आली होती आणि तेव्हाही बसली असती. पण चुलीपाशी त्रिशलानं परात आपटली. "लावू द्या की वो! इतकी वर्षं मी भाकरी तव्यावर सोडून दाराशी जातोय, झालं का, झालं का विचारत. माझ्या भाकरी करपल्या, त्यांचा जीव करपला. लावा कडी!"

केरबानं कडी बसवली. पहिल्या दिवशी सगळं घर श्वास रोखून उभं होतं. आतून मंत्राचा आवाज येईना, तेव्हा सम्मेद न राहवून म्हणाला, "अक्का, आवाज का न्हाई?"

"म्हणायचा असंल तवा म्हणीन!"

मोनानं तिला लगेच माफ केलं असं मात्र झालं नाही. बैठकीत ती कामापुरतं बोलायची. दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी प्रभाक्का रिवाजाप्रमाणं घरोघर जाऊन क्षमा मागून आली. मोनाच्या दारापुढं स्कूटर थांबवली, थोडा वेळ तशीच घुरघुरत ठेवली, आणि पुढं काढली. जमलं नाही. दिवाळीच्या आधी मोनानं बाळाबाईच्या हातून ब्लाऊजचं कापड पाठवलं. सोबत निरोप होता, "अक्कांना म्हणावं, खांद्याला ढिला शिवा, खुर्ची ढकलून दंड भरल्यात." प्रभाक्कानं दोनदा उसवून शिवला. एवढीच काय ती समजूत.

पण त्यातून दुसरं काम निघालं. मंडळातल्या आणखी काही जणांना वेगळं बिऱ्हाड करायचं होतं आणि घरमालक दार उघडत नव्हते. मोना बोलायची छान, पण बावड्यातल्या घरमालकिणी तिला ओळखत नव्हत्या. प्रभाक्का मात्र त्या प्रत्येकीचं माप घेतलेली. ती टेप गळ्यात टाकून जायची, पाणी प्यायची, नातवंडांची चौकशी करायची आणि मग म्हणायची, "खोली रिकामी हाय म्हणं. भाडेकरू मी आणलाय. कानानं ऐकत न्हाई, पण भाडं चुकवत न्हाई. आन् परवा तुम्हाला कुणी काय भीती घातली तर त्याला आधी माझ्याकडं पाठवा. भीती कशी घालत्यात ते मला चांगलं ठाऊक हाय." अशा दोन-तीन खोल्या तिनं मिळवल्या. एकीकडं नाही म्हणाले. तिथं ती पुन्हा गेली, पुन्हा नाही म्हणाले.

मंडळ निवेदन घेऊन सरकारी कचेरीत गेलं तेव्हा तिथला साहेब पहिल्यापासून शेवटपर्यंत केरबा सुताराशी बोलत होता, कारण तो दोन पायांवर उभा होता. "ह्यांना काय पाहिजे?" असं त्यानं केरबाला विचारलं, आणि मोना नि प्रभाक्का एकाच वेळी ओरडल्या, "आम्हाला विचारा की!" दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मधोमध मोना, हात वर केलेली. कडेला प्रभाक्काची एक कुबडी आणि अर्धा खांदा. सम्मेदनं कौतुकानं पेपर आणून दाखवला. प्रभाक्का बघून म्हणाली, "बरा आलाय," आणि त्या पेपरवर दुपारी शेंगा सोलल्या.

जळणं गेलं नव्हतं. ते जाईल असं तिला वाटतही नव्हतं. कांडपाच्या गिरणीपुढून रोज जाणाऱ्याच्या घशाला जसं अंगवळणी पडतं तसं ते पडलं होतं. ठसका यायचा, पण वाट सोडावीशी वाटायची नाही.

परवाच ती साखर कारखान्याच्या बाजूला एक खोली बघून आली. उंबरा नाही, सकाळचं ऊन थेट आत येतं, मशीन खिडकीशी मावेल. मालकिणीनं विचारलं, "ह्यावेळी कुणासाठी, अक्का?" प्रभाक्का टेपनं खिडकी मोजत राहिली. घरी येऊन त्रिशलाला तेवढं सांगितलं. त्रिशला पिठाचे हात तसेच ठेवून हळूच म्हणाली, "ह्यांना मी सांगू, का तुम्ही सांगताय?"

"मीच सांगीन. आधी ठरू तर दे." प्रभाक्का जरा पुढं वाकली. "आन् एक. त्या मोनाला एवढ्यात कळू देऊ नगंस. सगळ्या बावड्याला सांगत सुटंल, माझ्यामुळं झालं म्हणून."